एकच वस्तू बघणाऱ्या मावशी

खोली बघायला मी नरपडला गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी मला एकच प्रश्न विचारला. "झोपेत बोलतेस काय?"

मी म्हटलं, "माहीत नाही बुवा. कोणी ऐकलेलं नाही."

"मग ऐकून सांगते," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. माझं गाव, जात, लग्न, पाहुणे किती येतात, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. महिन्याभरानं जिन्यात गाठ पडली तेव्हा म्हणाल्या, "बोलतेस. पण इंग्रजीत बोलतेस, त्यामुळे काय कळत नाय."

मी तलासरीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. नोकरी तलासरीला आणि राहायला नरपडला, हा उलटा कारभार सगळ्यांनाच विचित्र वाटायचा. मी मूळची साताऱ्याकडची. समुद्राशेजारी राहायचं एवढाच माझा हट्ट होता. तो हट्ट न विचारता समजलेली एकमेव व्यक्ती म्हणजे या बाई. मी त्यांना मावशी म्हणत असे. त्या मला मास्तरीण म्हणत, आणि खुशीत असल्या की बाय.

मावशी तेव्हा सत्तरीच्या अलीकडे होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. चिकूची वाडी, चार नारळ, मागे भाजीचे वाफे, आणि हे सगळं राखायला रानशेतचं एक जोडपं. सुती साडी, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट आणि केसांवर रुमाल, अशा थाटात त्या मोपेडवरून डहाणूच्या बाजारात जात. रस्त्यात कोणी भेटलं की मोपेड बंद करत. चालू ठेवून बोलणं त्यांना पटत नसे. "एका वेळी एकच आवाज," म्हणायच्या.

एका वेळी एकच, हा त्यांचा सगळ्याच बाबतीतला नियम होता. जत्रा असो, प्रदर्शन असो, कोणाचं नवं घर असो, मावशी तिथं एकच वस्तू बघत. ती मात्र अशी बघत, की दाखवणाऱ्याला घाम फुटावा.

तलासरीला एकदा शेतीच्या अवजारांचं प्रदर्शन भरलं होतं. शाळेतली मुलं घेऊन मी जाणार होते, तर मावशीही मोपेड काढून आल्या. मंडपात पन्नासेक तरी गाळे असतील. मावशी दुसऱ्याच गाळ्यावर अडकल्या. तिथं नारळ सोलायचं यंत्र होतं. विकणारा गुजराती गृहस्थ होता, त्यानं उत्साहानं एक नारळ सोलून दाखवला. मावशी म्हणाल्या, "आता हळू." त्यानं हळू सोलला. "आता उघडून दाखव." त्यानं पत्रा काढला. "हा दात असा तिरका का?" दुपारपर्यंत त्याचं अर्धं यंत्र सतरंजीवर सुटं पडलं होतं, आणि तो स्वतःच खाली बसून विचार करत होता, की खरंच, हा दात तिरका का? आजूबाजूला माणसं जमली होती. सगळं समजल्यावर मावशी उठल्या, साडी झटकली, म्हणाल्या, "सरस हाय हां तुमचं मशीन," आणि निघाल्या.

"बेन, घेणार नाही?" तो ओरडला.

"घ्यायचं कुठं होतं? मी तर कोयत्यानं सोलते."

मुलं पोटभर हसली. मी वाटेत म्हटलं, "मावशी, बाकीचे गाळे तरी बघायचे." त्या म्हणाल्या, "सगळं बघून आलेल्याला विचार काय बघितलं. गर्दी होती म्हणेल."

मी आल्या आल्या त्यांनी माझ्या भाकरीचाही असाच निकाल लावला होता. आमच्याकडची ज्वारीची भाकरी त्यांनी खाल्लेली होती, थापताना पाहिलेली नव्हती. मी पीठ मळायला घेतलं की त्या पाटावर येऊन बसायच्या आणि माझ्या हाताकडे टक लावायच्या. भाजी काय केली, कशाशी खाणार, याच्याशी देणंघेणं नाही. फक्त थापताना भाकरी परातीत फिरते कशी, ते बघायचं. असं बरेच दिवस चाललं. मग एक दिवस म्हणाल्या, "कळलं. तू फिरवत नायस, ती आपसूक फिरते." मी इतकी वर्षं भाकऱ्या थापत होते, माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. त्यांनी स्वतः मात्र ज्वारीची भाकरी कधी केली नाही. तांदळाचीच खात राहिल्या.

या मावशींना एक धाकटी बहीण होती. डहाणूत स्टेशनजवळच्या इमारतीत तिचा फ्लॅट होता. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली, नीटनेटकी, यजमान गेलेले, मुलगा पुण्याला. मावशी तिला ‘धाकटी डहाणू’ म्हणायच्या. खाडीकाठच्या धाकटी डहाणू गावाशी तिचा काही संबंध नव्हता, ती धाकटी होती आणि डहाणूत राहायची, एवढंच. तिला ते मुळीच आवडत नसे. मी त्यांना धाकट्या मावशी म्हणायचे.

धाकट्या मावशींचा स्वभाव बरोब्बर उलटा. कुठं गेल्या की सगळं बघून यायच्या. देवळं, किल्ले, धबधबे, काही सोडायच्या नाहीत. आणि दर रविवारी नरपडला येऊन एकच विषय काढायच्या: ताईनं वाडी सोडून फ्लॅटवर राहायला यावं.

विषयाला कारण होतं. आदल्या पावसाळ्यात मावशी वाडीत शेवाळावरून घसरल्या होत्या. मी शाळेत, रानशेतचं जोडपं त्या दिवशी गावी गेलेलं. संध्याकाळी मी आले तेव्हा मावशी चिखलात बसून मुंगळ्यांची रांग बघत होत्या. "उठता येत नाय," त्यांनी मला शांतपणे सांगितलं. "पण बघ ना, यांनी माझ्या पायाला वळसा घालून रस्ता केलाय." घोटा सुजून भोपळा झाला होता. त्यात माझ्या बदलीची बोलणी सुरू झालेली. मी गेले की त्या घरात त्या अगदीच एकट्या.

"कोणाच्या तरी देखत पडलीस तर परवडेल ताई, एकटी असताना पडू नकोस," धाकट्या मावशी म्हणायच्या.

"मी माझ्या वाडीत पडते. परक्याच्या नाय," मावशी म्हणायच्या. आणि विषय संपायचा, पुढच्या रविवारपर्यंत.

त्या वर्षी जपानात ओसाकाला जगाचं प्रदर्शन भरलं होतं. देशोदेशींची दालनं, महिनोन्‌महिने चालणारं, लाखो माणसांचं. धाकट्या मावशींनी मुंबईच्या एका सहलवाल्यांकडे नाव घातलं आणि एका रविवारी येऊन जाहीर केलं, "ताई, तूही चल."

"मी कशाला?"

"हे बघ, आपण पैज लावू. प्रदर्शनात अख्खा दिवस आहे. तिथं न हरवता, न पडता, कोणाला घोर न लावता संध्याकाळी तू बसपाशी आलीस, तर मी पुन्हा फ्लॅटचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं."

मावशी चिकू कापत होत्या. सुरी थांबली. "तिथं एकच वस्तू बघितली तर चालंल?"

"तुला काय बघायचं ते बघ."

"मग चल."

मला दोघींनी स्वतंत्रपणे गाठून बरोबर यायला सांगितलं. धाकट्या म्हणाल्या, ताईवर लक्ष ठेवायला. मावशी म्हणाल्या, पैजेला साक्षीदार म्हणून. उन्हाळ्याची सुट्टी होती. मी तयार झाले.

विमानात मावशींनी खिडकी बघितली. खिडकीतून बाहेर नव्हे, खिडकीच. तिला तळाशी एक बारीकसं भोक असतं, ते कशाला, हे हवाई सुंदरीला हातवारे करून विचारलं. तिनं ते वैमानिकाला विचारून येते म्हणून सांगितलं आणि खरंच विचारून आली. धाकट्या मावशी तोंडावर पांघरूण ओढून झोपल्याचं सोंग करत होत्या.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही फाटकाशी पोचलो, तेव्हा समोर माणसांचा पूर आलेला होता. छत्र्या, टोप्या, बाबागाड्या, हातपंखे. ऊन आपल्याकडच्या मे महिन्याचं, घामही तसाच चिकट. पण एवढ्या गर्दीत आवाज म्हणून नाही. तलासरीच्या आठवडी बाजारात मूठभर माणसं असतात आणि कान किटतात. मावशी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "ही सगळी भांडलीयत काय गो एकमेकांशी?"

आत शिरल्याबरोबर ते दिसलं. उंच लाकडी खांबांवर पेललेलं एक वर्तुळ, इतकं मोठं, की सगळी दालनं त्याच्या पोटात. वरून माणसं चालत होती, खाली सावलीत माणसं बसली होती. मावशी पहिल्याच खांबापाशी थांबल्या. आडवी तुळई खांबाच्या आरपार गेली होती आणि फटीत लाकडाची पाचर मारलेली होती. मावशींनी खांबावर हात ठेवला, तिथंच बैठक मारली, आणि मी समजले, की आजचा दिवस इथंच.

धाकट्या मावशींना दालनांचा क्रम तोंडपाठ होता. कुठली रांग सकाळी छोटी असते, कुठं दुपारी जायचं, सगळं. त्यांनी जरा वेळ कळ काढली. मग म्हणाल्या, "अगं ताई, जगातून माणसं काय काय घेऊन आलीत, आणि तू खांब काय बघतेस? डहाणू स्टेशनवर खांब नाहीत का?"

"ते बघून झाले."

"मी थांबणार नाही हं."

"मग जा ना! तुला कोणी बांधून ठेवलंय?"

धाकट्या मावशींचा चेहरा लाल झाला. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढून बहिणीच्या मांडीवर ठेवली. "बसलीच आहेस तर सांभाळ. जेवायला इथंच येते." आणि त्या गर्दीत शिरल्या. सहलवाल्यांची केशरी टोपी थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली. मी जावं की राहावं या विचारात राहिले ती राहिलेच.

मावशींना तिथं सोबतीही मिळाला. गवती टोपी घातलेले एक जपानी आजोबा त्याच खांबाशी मान वर करून उभे होते. दोघांना एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं. मावशी मराठीत विचारायच्या, "खिळा नाय मारला?" आजोबा जपानीत उत्तर द्यायचे आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवायचे. मावशींनीही अडकवली. मग त्यांनी वाकून, फटीतून नीट बघितलं आणि टाळी वाजवली. "आत लोखंड हाय की मेल्यांनी घातलेलं!" आजोबांनीही वाकून बघितलं, आणि चोरी पकडली गेल्यासारखे इतके हसले की त्यांची टोपी पडली.

जेवायची वेळ झाली. धाकट्या मावशी आल्या नाहीत. मी फोन लावला, तो मावशींच्या मांडीवरच्या पिशवीत वाजला.

मावशींनी पिशवी उघडली. फोन, पाण्याची बाटली, थेपल्यांचा डबा, ग्लुकोजची बिस्किटं आणि साखरेच्या गोळ्या. धाकट्या मावशींना मधुमेह होता, हे मला तेव्हा कळलं.

"सकाळी तिनं औषध घेतलंन," मावशी हळू म्हणाल्या. "नाश्ता केलान काय?"

"रांग लांब होईल म्हणून नुसता चहा घेतला," मी म्हटलं.

मावशी उभ्या राहिल्या. इतकं चटकन उभं राहिलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "चल."

चौकशीच्या खिडकीवरच्या मुलीनं सगळं अदबीनं लिहून घेतलं आणि खुर्ची दाखवली. बसा, आम्ही शोधतो. मी फोनमधले फोटो दाखवले, पण प्रत्येक फोटोत धाकट्या मावशींच्या डोळ्यांवर काळा चष्मा आणि कपाळापर्यंत टोपी. असल्या टोप्या तिथं शेकड्यांनी फिरत होत्या. मी बसणार होते. मावशी बसल्या नाहीत. आणि मागे वळून बघते तर गवती टोपीवाले आजोबा छत्री उघडून आमच्यामागे आलेले.

मग आम्ही दालनामागून दालन पालथं घातलं. प्रत्येक दारात रांगा होत्या, पण आजोबा पुढे होऊन काहीतरी सांगायचे, माणसं बाजूला व्हायची. मावशी दारावरच्या मुलीसमोर उभ्या राहायच्या, डोक्यावरचा रुमाल काढायच्या, आपल्या चेहऱ्याभोवती बोट फिरवायच्या आणि मग दोन बोटं वर करायच्या. असाच चेहरा, अजून एक. "थोडी गोरी हाय," असं मराठीत जोडायच्या. मुली माना हलवायच्या, वाकून दिलगिरी दाखवायच्या, तरी मावशी आत शिरायच्या. एका ठिकाणी छतावरून समुद्र वाहत होता. दुसरीकडे एक यंत्र माणसासारखी मान वळवून आमच्याकडे बघत होतं. कुठं अंधारात चांदण्या, कुठं जिवंत भिंतीसारखं शेवाळ. जगातून माणसं बघायला आली होती ते सगळं आम्ही बघितलं, आणि मावशींनी त्यातलं काहीही बघितलं नाही. त्या चेहरे बघत होत्या. बाकांवरचे, कोपऱ्यांतले, जिन्याखालचे. चालता चालता स्वतःशीच बोलत होत्या, "जा म्हटलं आणि गेली. कधी ऐकत नाय ती माझं. आजच कसं ऐकलंन?"

छोट्या छोट्या देशांचं मिळून एक मोठं दालन होतं. तिथल्या दारावरच्या मुलीनं मावशींच्या चेहऱ्याकडे बघितलं, तशी तिच्या हातातली पत्रकं तशीच राहिली. तिनं नीट निरखून बघितलं आणि विचारलं, "ताई-सान?"

मावशी जागच्या जागी थिजल्या. मला म्हणाल्या, "इथं मला ताई कोण म्हणतंय गो?"

ती मुलगी धावतच आम्हाला दालनामागच्या प्रथमोपचाराच्या खोलीत घेऊन गेली. आत खाटेवर धाकट्या मावशी पडल्या होत्या. कपाळावर ओला टॉवेल, टोपी नाही, चष्मा नाही, केस विस्कटलेले. रांगेत उभ्या उभ्या त्या खाली बसल्या होत्या, मग आडव्या झाल्या होत्या. नाव विचारलं, देश विचारला, कोणत्याच प्रश्नाला उत्तर नाही. ग्लानीत सारखं एकच म्हणत होत्या, ताई, ताई. त्या लोकांना वाटलं, हेच बाईंचं नाव. परिचारिकेनं त्यांना गोड पाणी पाजलं होतं आणि हात धरून ती त्यांना समजावत होती, "ताई-सान, ताई-सान."

"अगं ताई मी," मावशी तिला मराठीत म्हणाल्या. "ही धाकटी."

आणि खाली बसून त्यांनी बहिणीचा दुसरा हात धरला. थोड्या वेळानं धाकट्या मावशींनी डोळे उघडले. "किती वाजले? बस गेली का?"

"बस गेली खड्ड्यात. सकाळी खाल्लं का नाय?"

"रांग..." त्या पुटपुटल्या. मग लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "तूच म्हणालीस जा."

"मी शंभर गोष्टी म्हणते! घरी एकटी असताना पण असंच होतं काय तुला?"

धाकट्या मावशींनी टॉवेल डोळ्यांवर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "दोनदा झालं. एकदा न्हाणीघरात."

"आणि मला सांगितलं नायस."

"तू मुंगळे बघत बसली होतीस ते तरी कुठं सांगितलंस? मास्तरीणबाईंनी सांगितलं."

मावशींनी डब्यातला थेपला काढला, तुकडे केले आणि एकेक तुकडा भरवू लागल्या. आजोबा दारातच छत्री मिटून उभे होते. मावशींनी त्यांनाही एक थेपला दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाकून नमस्कार केला आणि खात खात गर्दीत निघून गेले. त्यांचं नाव विचारायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.

संध्याकाळी धाकट्या मावशींना चाकांच्या खुर्चीतून बसपर्यंत आणलं. मावशी शेजारून चालत होत्या, कॅनव्हासचे बूट धुळीनं पांढरे झालेले. न हरवता, न पडता. बसमध्ये बसल्यावर धाकट्या मावशी म्हणाल्या, "जिंकलीस तू. आता नाव काढणार नाही फ्लॅटचं."

मावशी पिशवीतल्या साखरेच्या गोळ्या मोजत होत्या.

धाकट्या मावशींनी शब्द पाळला. रविवारी यायच्या, भाजी घ्यायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या, फ्लॅटचा विषय नाही. मावशीच मधूनच विचारायच्या, "काय खाल्लंस सकाळी?" पावसाळा संपला. माझ्या बदलीचा हुकूम आला, नव्या वर्षापासूनचा.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मी खाली आले, तर ओटीवर वळकटी बांधलेली, पिशवी भरलेली, आणि मावशी रानशेतच्या बाईला कोणत्या झाडाला कधी पाणी घालायचं ते सांगत होत्या. मी येईन रोज, पण रात्री तुम्ही इथं झोपायचं, असं काहीसं बोलणं चाललं होतं.

"कुठं निघालात?"

"धाकटीकडे. राहायला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अहो मावशी, पैज तर तुम्ही जिंकला होतात!"

"जिंकले म्हणून तर जाते," त्या रुमाल बांधत म्हणाल्या. "हरले असते तर मेले तरी गेले नसते. हरून कोणाच्या घरात राहायचं नसतं, बाय."

"त्यांना कळवलंत?"

"कळवायचं काय त्यात? घरीच असते ती."

वळकटी मोपेडच्या पुढच्या फळीवर ठेवली, पिशवी हँडलला अडकवली आणि त्या गेल्या. मी डबा भरला, तलासरीला जायला रस्त्यावर येऊन उभी राहिले, तेवढ्यात फोन वाजला. धाकट्या मावशी होत्या. आवाज अगदी दबका, कोणी ऐकेल म्हणून हात तोंडापुढे धरल्यासारखा.

"अहो, ताई आलीय. गादी घेऊन दारात उभी आहे. पैज तर तीच जिंकली होती ना? आता मी काय म्हणू तिला?"

"काही म्हणू नका," मी म्हटलं. "आधी आत घ्या."